कॉम्पॅक्टरच्या मागचा फुटबोर्ड : कचरागाडी ताब्यात घेण्याआधी बघायची जागा

कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून भरणारी गाडी, घ्यायचा ठरला की ड्रम किती घनमीटरचा, चॅसिस किती टनांची, पंपाचा दाब किती, लिफ्टर १,१०० लिटरचा डबा उचलतो की नाही, यावर बैठकांमागून बैठका होतात. गाडीबरोबर जाणारी माणसं कुठे बसणार, हा प्रश्न मात्र निविदेत सहसा एका ओळीत मिटतो : मागे फुटबोर्ड आणि हँडल असावं. मुंबईत ज्यांना मोटर लोडर म्हणतात, इतर शहरांत बिगारी, हेल्पर किंवा नुसतं ‘गाडीवरची पोरं’ म्हणतात, त्यांचा जीव रोज पहाटे त्या एका ओळीमुळे टांगणीला लागतो. म्हणून हे परीक्षण ड्रमचं नाही, पंपाचंही नाही. मागच्या त्या फळीचं आहे.

बाजारात तीन प्रकारच्या गाड्या मिळतात. साध्या फुटबोर्डाच्या, सेन्सर लावलेल्या फुटबोर्डाच्या, आणि फुटबोर्ड न ठेवता डबल केबिन दिलेल्या. मत आधीच सांगतो. साधा फुटबोर्ड घेऊ नका. सेन्सरवाला घ्यायचा तर पुढे दिलेल्या चाचण्या स्वतःच्या डोळ्यांसमोर करून घ्या. शक्य असेल तिथे डबल केबिनच घ्या, आणि ड्रम थोडा लहान झाला तर होऊ द्या.

माणूस पडतो कसा

फळीवरचा माणूस हॉपरकडे, म्हणजे कचरा टाकायच्या मागच्या तोंडाकडे, तोंड करून उभा असतो. ड्रायव्हरने क्लच झटक्यात सोडला की पाय गाडीबरोबर पुढे जातात आणि धड मागे राहतं. हाताची पकड सुटली तर तो सरळ पाठीवर पडतो आणि डोक्याचा मागचा भाग रस्त्यावर आपटतो. ब्रेक लागला तर उलट होतं : तोंड, दात आणि मनगट टेलगेटवर, म्हणजे गाडीच्या मागच्या दारावर, आदळतं. यातला पहिला प्रकार जास्त घातक. पुढे पडणारा माणूस हात तरी टेकतो, मागे पडणाऱ्याला ती संधी नसते.

वळणावर तिसरा धोका आहे आणि तो ड्रायव्हरला केबिनमधून जाणवत नाही. फळी मागच्या अ‍ॅक्सलच्या बरीच मागे असते. गाडी डावीकडे वळली की मागचा उजवा कोपरा उजवीकडे बाहेर येतो, आणि त्याच वेळी माणसाचं अंगही उजवीकडे फेकलं जातं. रुंद रस्त्यावर तो शेजारच्या रांगेतल्या वाहनापुढे येतो, अरुंद गल्लीत भिंत आणि गाडी यांच्यामध्ये चिरडला जातो. ६० किलोचा माणूस धरा. ८ मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी २० किमी वेगाने गेली तर त्याला बाहेर ओढणारा जोर साधारण २४ किलोंच्या वजनाएवढा असतो. जोराचा ब्रेक लागला तर ३० किलोंपर्यंत जातो. हा जोर एका हाताने पेलायचा, तोही ओल्या हातमोज्यातून.

गतिरोधकाचं गणितही समजून घ्यावं. चाकांतलं अंतर ४.२ मीटर आणि फळी मागच्या अ‍ॅक्सलपासून २ मीटर मागे असेल, तर १० सेंटीमीटर उंचीच्या गतिरोधकावर पुढची चाकं चढताना फळी सुमारे ५ सेंटीमीटर खाली जाते. मागची चाकं चढली की तीच फळी जवळजवळ १५ सेंटीमीटर वर उसळते. गुडघे आधी खाली गेलेले असतात, ते सरळ होता होता खालून धक्का बसतो आणि पाय फळीवरून सुटतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर लांबीत १० सेंटीमीटर चढतो आणि २५ किमी वेगासाठी आखलेला असतो. गल्लीत रहिवाशांनी घालून घेतलेला डांबराचा उंचवटा तेवढाच उंच आणि एक हातभर लांब असतो, म्हणजे धक्का कितीतरी तीव्र.

वेगाचं म्हणाल तर ३० किमी वेगाने जाणाऱ्या माणसाच्या अंगातली ऊर्जा सुमारे साडेतीन मीटरवरून पडणाऱ्या माणसाएवढी असते. ४० किमीला ही उंची सव्वासहा मीटर होते, १६ किमीला एक मीटर. रस्त्यावर घसरत गेला तर काही ऊर्जा घासण्यात जाते. मध्ये दुभाजक, खांब किंवा फुटपाथची कड आली तर सगळी अंगावर येते. आणि मागून येणारी बस, टँकर, दुचाकी यांचा हिशोब यात धरलेलाच नाही.

सर्वांत वाईट म्हणजे रिव्हर्स. पुढे जाणाऱ्या गाडीवरून मागे पडलेला माणूस निदान स्वतःच्या गाडीच्या चाकाखाली येत नाही, कारण चाकं त्याच्या पुढे निघून गेलेली असतात. गाडी मागे येत असताना पडला तर चाक थेट त्याच्याकडे येतं. ड्रायव्हरला आरशात दोन्ही बाजू दिसतात, बरोबर मागची जागा दिसत नाही. कॅमेरा असला तरी त्याच्या काचेवर कचऱ्याचं पाणी उडून तो दुपारपर्यंत आंधळा झालेला असतो.

साधा फुटबोर्ड

लोखंडी चौकट, वर चेकर्ड प्लेट, दोन ब्रॅकेट, बाजूला एक वाकवलेला पाइप. एवढाच हा प्रकार. तो इतका रुळलाय की त्यात काही बघण्यासारखं आहे असं कुणाला वाटत नाही. गाडी ताब्यात घेताना मात्र टेप घेऊन वाकून बघा.

आधी फळीची रुंदी, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंतची जागा. गमबूट सुमारे ३० सेंटीमीटर लांब असतो. फळी २० सेंटीमीटरची असेल तर टाच हवेत राहते, सगळं वजन चवड्यावर येतं, पोटरी दहा मिनिटांत भरून येते आणि माणूस सारखा पाय बदलत राहतो. ज्या क्षणी एक पाय उचललेला असतो त्याच क्षणी धक्का बसला की तो गेला. ३० सेंटीमीटरपेक्षा कमी रुंदी स्वीकारू नका. जमिनीपासून उंची ४५ सेंटीमीटरच्या आत हवी, नाहीतर माणूस चढताना उडी मारतो आणि उतरताना गाडी थांबायच्या आधीच पाय टाकतो.

चेकर्ड प्लेटवरचे उंचवटे कोरड्या दिवशी पकड देतात. कॉम्पॅक्टरची फळी कोरडी कधी असते? हॉपरच्या कडेवरून गळणारं पाणी, त्यात खरकटं, तेल, भाताची पेज, माशांचं पाणी, हे सगळं त्या उंचवट्यांच्या मध्ये साचून गुळगुळीत थर बनतो. पाण्याचा फवारा मारला तरी तो थर निघत नाही, खरवडावा लागतो. याऐवजी दातेरी कडांची उघडी लोखंडी जाळी घ्या. घाण खाली गळून जाते आणि दात बुटाच्या तळव्यात रुततात. उत्पादक जाळी महाग पडते म्हणतील. एकूण गाडीच्या किमतीत तो फरक कुठे दिसणारसुद्धा नाही.

हँडलचं तसंच. पाइपाचा व्यास २५ ते ३२ मिलिमीटर असावा, मोजा घातलेली मूठ पूर्ण बंद व्हायला हवी. हँडल आणि पत्रा यांच्यात निदान ७५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. ती नसली की मोजा घातलेला हात आत जात नाही आणि माणूस हॉपरची कड धरतो. तिथेच कचरा आत दाबणारी पॅकर प्लेट फिरते. म्हणजे पडण्यापासून वाचण्यासाठी धरलेल्या जागी बोटं जातात. प्रत्येक माणसाला कमरेपासून खांद्यापर्यंत एक उभं आणि छातीच्या उंचीवर एक आडवं, अशी दोन हँडलं लागतात. वळणावर आडवं कामाला येतं, उसळीत उभं.

ब्रॅकेटच्या वेल्डिंगकडे बघताना रंगावर विश्वास ठेवू नका. फळी गतिरोधकावर घासते, वर वाकते, गॅरेजवाला ती ठोकून सरळ करतो आणि पुन्हा वेल्ड मारतो. दोन-तीनदा असं झालं की वेल्डच्या शेजारचा पत्रा केसासारखा तडकतो. तडा रंगाखाली असतो, पण गंज बाहेर झिरपतो आणि तपकिरी रेघ उमटते. ती रेघ दिसली की त्या दिवशी फळीवर कुणालाही उभं करू नये. ही तपासणी आठवड्याला करायची, आणि मुकादमाने नव्हे, गॅरेजने करून सही द्यायची.

एवढं सगळं चोख असलं तरी साधा फुटबोर्ड हा साधाच. माणूस वर आहे की नाही हे गाडीला कळत नाही. म्हणून आमचं मत ‘घेऊ नका’ असंच राहतं.

सेन्सरवाला फुटबोर्ड

युरोपात मागून भरायच्या कचरागाड्यांसाठी ईएन १५०१-१ हे मानक आहे. फळीवर माणूस असेल तर गाडी ३० किमीच्या वर जाऊ नये आणि रिव्हर्स जाऊच नये, असं त्यात मागितलेलं आहे. अमेरिकेतल्या अन्सी झेड २४५.१ या मानकात फळीवर उभं राहून जाण्याची मर्यादा ताशी १० मैल, म्हणजे १६ किमी, आणि अंतर ०.२ मैल, म्हणजे सुमारे ३२० मीटर अशी आहे. रिव्हर्समध्ये तिथेही मनाई आहे.

आपल्याकडे सेन्सर बसवून मिळतो तेव्हा युरोपचा ३० चा आकडा जसाच्या तसा ठेवून देतात. हे मान्य करू नका. शहरात कचरा गोळा करताना गाडी ३० च्या वर जातेच कुठे? मर्यादा आहे असं कागदावर दिसतं आणि गल्लीत ती एकदाही लागू होत नाही. मर्यादा १० किमीवर आणून घ्या. त्या वेगाला पडण्याची ऊर्जा ४० सेंटीमीटरवरून पडण्याएवढी असते आणि ड्रायव्हरलाही सतत जाणवत राहतं की मागे कुणीतरी आहे. बीएस-६ इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे हे करणं सोपं झालंय. चॅसिस कंपनी बॉडी बांधणाऱ्यासाठी जो स्वतंत्र कनेक्टर देते त्यातूनच जोडणी हवी. अ‍ॅक्सिलरेटरची वायर मध्ये कापून जोडलेली दिसली तर गाडी परत पाठवा. वॉरंटीही जाते आणि पावसात तो सांधा आधी सडतो.

आता हा सेन्सर बिघडतो कसा, ते जवळून पाहू. फळी बिजागरीवर असते, खाली स्प्रिंग आणि जवळ आलेलं लोखंड ओळखणारा एक सेन्सर. माणूस चढला की फळी सेंटीमीटरभर खाली जाते आणि सेन्सर बदलतो. काही आठवड्यांत या सेंटीमीटरभर फटीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या, केस, नारळाच्या शेंड्या आणि वाळलेला भात घट्ट बसतो. मग दोनपैकी एक होतं. फळी खाली अडकून राहिली तर गाडीला कायम वाटतं की माणूस वर आहे. गाडी वेग घेत नाही, रिव्हर्स पडत नाही, मागे वाहनं हॉर्न मारत असतात. ड्रायव्हर खाली उतरतो आणि पत्र्याचा नाण्याएवढा तुकडा चिकटपट्टीने सेन्सरवर लावतो किंवा कनेक्टरमध्ये तारेचा तुकडा खुपसतो. त्या क्षणापासून गाडीला वाटतं की वर कुणीच नाही. उलट, फटीत कचरा असा बसला की फळी दबतच नाही, तर तेच आपोआप होतं आणि कुणाला कळतही नाही. हा दुसरा प्रकार जास्त भयानक.

यावर तीन मागण्या निविदेतच घाला. पहिली, वायर तुटली किंवा कनेक्टर निघाला तर यंत्रणेने ‘माणूस वर आहे’ असंच समजावं. दुसरी, प्रत्येक फळीला दोन वेगवेगळे सेन्सर असावेत आणि दोघांचं उत्तर जुळलं नाही तर केबिनमध्ये लाल दिवा लागावा. तिसरी, हॉपर अनेकदा चालला पण फळीचा सेन्सर एकदाही बदलला नाही, तर यंत्रणेने तेही बिघाड म्हणून नोंदवावं. सेन्सर आणि कनेक्टर आयपी६९के दर्जाचे, म्हणजे जोराच्या फवाऱ्यातही पाणी आत न जाणारे, हवेत, कारण धुण्याच्या रॅम्पवर जोराच्या पंपाचं पाणी थेट त्यांच्यावर येतं. आणि फळीखालची फट रोज धुताना पातळ सळीने साफ करायची. हे काम कुणाचं, ते नावानिशी ठरवा, नाहीतर ते कुणाचंच नसतं.

आणखी एक पळवाट असते. सेन्सर फळीला असतो, पण माणूस फळीच्या शेजारी टेलगेटच्या खालच्या चॅनेलवर, नंबरप्लेटच्या पट्टीवर किंवा लिफ्टरच्या आडव्या दांड्यावर उभा राहू शकतो. गाडी बघताना मागून एक फेरी मारा आणि पाय ठेवता येईल अशी प्रत्येक जागा शोधा. जिथे पाय टेकतो तिथे तिरकी पट्टी मारून घ्या.

घंटेचाही विचार करा. दोन्ही बाजूंना हाताशी येईल असं बटण आणि केबिनमध्ये बझर हवा. एसटीत आणि बेस्टमध्ये सिंगल बेल म्हणजे थांब आणि डबल बेल म्हणजे चल, हे आपल्याकडे पोराटोरालाही ठाऊक आहे, तीच पद्धत ठेवा. पत्र्यावर थाप मारून इशारा देण्याची सवय मोडायला हवी. थाप मारताना एक हात सुटतो आणि गर्दीच्या आवाजात एक थाप की दोन, हे ड्रायव्हरला कळत नाही.

हे सगळं करूनही एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२३ नुसार वाहनाच्या पायरीवर, टपावर किंवा बॉनेटवर बसवून माणूस नेता येत नाही आणि कुणी तसा प्रवासही करू नये. सेन्सर लावला म्हणून तो प्रवास कायदेशीर होत नाही. म्हणजे या सेन्सरकडे परवानगी म्हणून बघायचं नाही. कुणी चढलाच तर गाडी अडवणारं कुलूप, एवढंच त्याचं काम.

डबल केबिन

अग्निशमन दलाच्या गाड्यांत माणसं आत बसूनच जातात. त्यांच्यासाठी केबिन लांबवता येते, तर कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसांसाठीही येते. साध्या ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर आणि दोघं बसतात, गाडीबरोबर चार किंवा पाच लोडर दिले जातात. उरलेले कुठे जाणार? फळीवरच. सगळ्या अपघातांचं मूळ या वजाबाकीत आहे आणि डबल केबिन तेवढीच वजाबाकी मिटवते.

तोटे आहेत. त्याच चॅसिसवर केबिन लांबली की ड्रम मागे सरकतो आणि मागच्या अ‍ॅक्सलवर भार वाढतो, त्यामुळे ड्रम थोडा लहान घ्यावा लागतो. लांब चॅसिस घेतली तर वळणाचा घेर वाढतो. पुण्यातल्या पेठांत किंवा नाशिकच्या जुन्या गावठाणात ही गाडी आत जाणार नाही, पण तिथे मोठा कॉम्पॅक्टर तसाही जात नाही.

डबल केबिन घेताना आतल्या गोष्टी बघा. माणसं ओल्या, घाण लागलेल्या कपड्यांत बसणार आहेत. सीटला कापड नको, धुता येईल असं रेक्झिन हवं. जमिनीला पाणी जायला भोक हवं. पंखा आणि उघडणाऱ्या खिडक्या हव्यात, नाहीतर मे महिन्यात कुणी आत बसणार नाही आणि मग दोष माणसांना दिला जाईल. पहिली पायरी ४५ सेंटीमीटरच्या आत, दार रुंद, दोन्ही बाजूंना हँडल, प्रत्येक सीटला पट्टा. आणि आरटीओच्या नोंदणीत तेवढी आसनसंख्या चढलेली असली पाहिजे. बॉडी बांधणारा सीट बसवून देतो आणि कागदावर संख्या तीच जुनी राहते, हे हमखास घडतं.

उंच केबिनमध्ये प्रत्येक डब्यापाशी चढउतार करणं अवघड आहे, ही तक्रार खरी आहे. तिचं उत्तर वेगाच्या हिशोबात सापडतं. दोन डब्यांत ३० मीटर अंतर असेल तर चालत २२ सेकंद लागतात, १५ किमी वेगाच्या गाडीवरून ७. फरक १५ सेकंदांचा. शंभर थांबे धरले तर एका पाळीत २५ मिनिटं. लोडर फळीवर चढतो तो या २५ मिनिटांसाठी, कारण फेरी संपल्याशिवाय सुट्टी नाही. म्हणून जवळच्या थांब्यांत चालायचं, लांबच्या टप्प्यात केबिनमध्ये बसायचं आणि फेरीचा वेळ आखताना ही २५ मिनिटं मुळातच धरायची. ती धरली नाहीत तर कुठलीही गाडी घ्या, माणूस मागे लटकणारच.

डम्पिंगच्या फेरीचं तर कारणच उरत नाही. कॉम्पॅक्टरमध्ये इजेक्टर प्लेट कचरा स्वतः ढकलून बाहेर काढते, उतरवायला लोडर लागत नाही. देवनार असो, कांजूरमार्ग असो की उरुळी देवाची, ड्रायव्हरने एकट्याने जावं आणि माणसांनी हजेरी चौकीवर हातपाय धुऊन चहा घ्यावा. द्रुतगती मार्गावर कॉम्पॅक्टरच्या मागे माणसं उभी दिसतात, ती गाडीच्या गरजेसाठी नसतात. परत येताना वेगळं वाहन मिळत नाही म्हणून असतात.

छोटी घंटागाडी

छोटा हत्ती चॅसिसवरच्या घंटागाडीचा धोका वेगळ्या जागी आहे. इथे हेल्पर मागे कमी आणि डाव्या दाराच्या पायरीवर जास्त लटकतो, आरसा धरून. तिथून पडला तर तो गाडीच्या मागच्या चाकाच्या बरोबर पुढे पडतो. वेग १० किमी असला तरी चाक अंगावरून जातं. कॉम्पॅक्टरच्या फळीपेक्षा ही जागा या अर्थाने जास्त वाईट आहे. आरसा हे हँडल नव्हे, तो दुमडण्यासाठीच बनवलेला असतो आणि वजन आलं की दुमडतो.

दुसरी जागा कचऱ्याच्या वर. ओला-सुका वेगळा करायला किंवा ताडपत्री ओढायला हेल्पर वर चढतो आणि गाडी चालू असते. खाली पिशव्यांचा ढीग, पायाखाली घट्ट असं काहीच नाही, वर केबल आणि झाडांच्या फांद्या. इथे नियम एकच : वर माणूस असेल तर चावी माणसाच्या खिशात. ड्रायव्हरच्या नाही, वर चढलेल्याच्या.

गल्लीत घंटागाडीबरोबर चालतच जायचं. दोन गल्ल्यांमधल्या टप्प्याला केबिनमधल्या सीटवर. सीट दोनच असतील तर हेल्पर एकच द्या.

हेल्मेट, पट्टा, बूट

२०१६ च्या घनकचरा नियमांत कामगारांना गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, बूट आणि मास्क द्यायला सांगितलं होतं. या यादीतलं काहीही पडणाऱ्या माणसाला थांबवत नाही, हे लक्षात ठेवून खरेदी करा. पिवळं इंडस्ट्रियल हेल्मेट आयएस २९२५ चं असतं आणि ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी आहे. मागे पडलेल्या डोक्याचा मागचा भाग ते नीट झाकत नाही, आणि हनुवटीचा पट्टा नसेल तर डोकं टेकायच्या आधीच निघून जातं. दुचाकीचं आयएस ४१५१ हेल्मेट झाकतं, पण त्यात पाठीमागचा हॉर्न ऐकू येत नाही आणि दिवसभर वाकून काम करता येत नाही.

कंबरेच्या पट्ट्याने माणसाला गाडीला बांधायची कल्पना अधूनमधून कुणीतरी मांडतं. ती सोडून द्या. बांधलेला माणूस पडला तर फरफटत जातो, आणि पॅकरमध्ये कपडा अडकला तर त्याला मागे उडी मारता येत नाही.

सुती होजिअरीचे हातमोजे पाच मिनिटांत भिजून हँडलवर घसरतात, तळहाताला नायट्राइलचा खरखरीत थर असलेले घ्या. गमबुटाचा तळवा झिजून सपाट झाला की बूट बदलायचा. वर्षाला एक जोड हा हिशोब मुंबईच्या पावसात टिकत नाही.

विमा आणि पडल्यानंतरचं

गाडीची पॉलिसी उघडून बघा. ड्रायव्हर आणि क्लीनरसाठी जो जादा प्रीमियम भरतात तो किती माणसांचा भरलाय? दोघांचा भरलेला असतो आणि गाडीवर पाच जण असतात. अपघातानंतर विमा कंपनी हाच आकडा पुढे करते, आणि ‘माणूस आसनावर नव्हता’ हे त्याच्या जोडीला. कंत्राटदाराने भरपाई दिली नाही तर ती मूळ मालकावर, म्हणजे पालिकेवर येऊ शकते. त्यामुळे पॉलिसीची प्रत पालिकेने स्वतःकडे ठेवावी.

माणूस पडला तर गाडी आधी जागच्या जागी थांबवायची आणि तो कुठे आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक इंचही हलवायची नाही. त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, मान वळवू नका. मागून येणारी वाहनं अडवा आणि १०८ ला फोन करा. तो उठून ‘काही नाही झालं, बरं आहे’ म्हणाला तरी डोकं आपटलं असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन डॉक्टरांना दाखवायचं आणि सीटी स्कॅनबद्दल विचारायचं. कवटीच्या आत रक्त साचायला वेळ लागतो. मधले काही तास माणूस व्यवस्थित बोलतो, चालतो, जेवतो आणि मग अचानक कोसळतो. उलटी, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, यातलं काहीही दिसलं तर एक मिनिट थांबायचं नाही. त्याला एकट्याला घरी पाठवणं सर्वांत धोक्याचं, कारण घरचे समजतात दमून झोपलाय.

ताब्यात घेण्याची चाचणी

गाडी आली की शोरूमसारखी कोरडी आणि चकचकीत असते. तशी चाचणी घेऊ नका. हॉपर भरून, तो दोनदा चालवून, पाणी गळू द्या. मग ६० किलोची वाळूची गोणी फळीच्या मधोमध ठेवा, रिव्हर्स टाकायला सांगा. गाडी हलता कामा नये. गोणी फळीच्या अगदी कडेला सरकवून तेच करा, मग ३० किलोच्या गोणीने करा. गोणी फळीला घट्ट बांधून पुढे मोकळ्या मैदानात चालवायला सांगा आणि वेग १० वर अडतो का ते बघा. नंतर गोणी उतरवा, सेन्सरचा कनेक्टर हाताने काढा आणि पुन्हा रिव्हर्स मागा. गाडी मागे आली तर ती स्वीकारू नका. शेवटी धुण्याच्या रॅम्पवर जोराच्या पंपाने दहा मिनिटं फळीखाली पाणी मारा आणि सगळ्या चाचण्या गाडी ओली असतानाच पहिल्यापासून करा. दर महिन्याला हेच, त्याच गोणीने, आणि लॉगबुकात ड्रायव्हर, गॅरेज आणि लोडर अशा तिघांच्या सह्या.